अडतीस बरोबर भरले होते

संपादकबाईंनी फोनवर सांगितलं, "गमतीजमती लिहा हो, वैद्यबाई. एवढी वर्षं जर्मनीत गाइड होतात, पोतडी भरलेली असेल." पोतडी आहे. वार्नेम्युंडेच्या धक्क्यावर पाय ठेवल्या ठेवल्या "बर्लिनची भिंत कुठल्या बाजूला?" असं विचारणारे निवृत्त तहसीलदार तिच्यात आहेत. ल्युबेकच्या चर्चबाहेर चपला काढून, त्यांच्यावर लक्ष ठेवायला मलाच दाराशी उभं करणाऱ्या तीन बहिणी आहेत. श्वेरीनच्या राजवाड्यासमोर "एवढं घर झाडायला किती बायका लागत असतील?" एवढंच विचारणाऱ्या एक आजी आहेत, आणि त्या वर्षी मला कुणी याहून चांगला प्रश्न विचारला नाही. पण हे सगळं माझं लग्नकार्यांत सांगून झालंय. कागदावर लिहून मोकळं व्हावं असं एकच आहे, आणि त्यात गंमत नाही. ते माझ्या मत्सराचं आहे.

आधी काम काय ते सांगते. बाल्टिक समुद्रात फिरणाऱ्या मोठ्या प्रवासी बोटी सकाळी बंदराला लागतात आणि संध्याकाळी सुटतात. मधल्या आठ-नऊ तासांत उतारूंना बसमध्ये घालून आसपासची जुनी गावं दाखवायची आणि बोट सुटायच्या आत परत आणून सोडायचं. उन्हाळ्याचे चार महिने हे काम चाले. मी हॅम्बर्गला राहायची. आमचे हे तिथं विमानाच्या कारखान्यात इंजिनियर होते. बोट असली की मी आदल्या दिवशीच वार्नेम्युंडेला जाऊन एका छोट्या लॉजमध्ये उतरायची, कारण सकाळी सातला धक्क्यावर हजर राहावं लागे.

लोकांना वाटतं गाइडचं काम बोलण्याचं आहे. तसं नाही, ते मोजण्याचं आहे. बसमध्ये चढताना मोजायचं, उतरताना मोजायचं, चर्चमधून बाहेर पडताना मोजायचं, आणि संडासाच्या रांगेनंतर तर हमखास मोजायचं, कारण माणसं तिथंच गळतात. बोट कंपनीची स्वतःची सहल असेल तर बोट बसची वाट बघते. आमचं तसं नव्हतं. आमचे गट पुण्याच्या एका टूर कंपनीचे असायचे आणि रोश्टॉकच्या एका छोट्या एजन्सीमार्फत आमच्याकडे यायचे. आमच्यासाठी बोट एक मिनिट थांबणार नव्हती. माणूस राहिला तर राहिला. मग त्याचा पासपोर्ट, त्याची औषधं, त्याची कपड्यांची बॅग पुढच्या देशाला निघून जाणार आणि तो इथं धक्क्यावर.

दोन हजार पंधराच्या सुमारास मराठी गट एवढे वाढले की एका बसमध्ये मावेनात. तेव्हा अश्विनी आली. तिचा नवरा न्युरेम्बर्गहून बदली होऊन हॅम्बर्गला आला होता. तिथं ती एका सॉफ्टवेअर कंपनीत होती, इथं नोकरी मिळेपर्यंत काहीतरी करावं म्हणून हॅम्बर्गच्या मराठी मंडळातल्या कुणीतरी तिला माझा नंबर दिला. माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली, "मावशी, मला इतिहासातलं काही येत नाही. पण शिकेन."

मी तिला सगळं शिकवलं. माझी सात वर्षांची टिपणांची वही तिला दिली. कुठल्या चर्चचा मनोरा किती मीटर, कुठल्या शतकात कुणाची सत्ता, संडास कुठं आहे, उन्हाच्या वेळी सावलीची बाजू कुठली. आणि मोजणीचे नियमही दिले. त्यातला एक नियम असा: उतारूला बस बदलायची असेल तर दोन्ही गाइडनी एकमेकींना सांगायचं आणि दोन्ही याद्या बदलायच्या, नाहीतर बदलू द्यायचंच नाही. हा नियम मी स्वतः केलेला होता.

दोन उन्हाळ्यांत अश्विनी माझ्यापुढं गेली.

हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली. त्या वेळी मी म्हणायची, ती उथळ आहे. आणि ती तपशिलात चुकायचीच. चौदावं शतक आणि सोळावं शतक तिला सारखंच. गोष्टी रंगवून सांगायची. अमक्या खिडकीतून तमक्याची मुलगी समुद्राकडे बघत बसायची, असलं काहीतरी. ती खिडकी शंभर वर्षांपूर्वीची आणि मुलगी पाचशे वर्षांपूर्वीची! पण लोक तिच्याभोवती असे गोळा व्हायचे की मला माझा गट शोधावा लागायचा. पुण्याहून गट यायच्या आधीच ईमेल यायची, "बस क्रमांक दोन मिळेल का? आमच्या शेजाऱ्यांनी अश्विनी मॅडमचं नाव सांगितलंय." एजन्सीच्या फ्राऊ पेटरसन, म्हणजे पेटरसनबाई, या ईमेल मला पुढं पाठवायच्या आणि खाली लिहायच्या, "किती छान, नाही का!"

मी छान म्हणायची. रात्री ह्यांच्याजवळ मात्र तिच्या चुका मोजून दाखवायची.

तो दिवस जुलैतला होता. दोन बस. माझ्या एक नंबरच्या बसमध्ये एकेचाळीस, तिच्या दोन नंबरच्या बसमध्ये अडतीस. सकाळी विस्मार हे जुनं बंदराचं गाव, दुपारी बाड डोबेरानचं मठाचं मोठं चर्च, आणि साडेचारच्या आत परत वार्नेम्युंडे. पाचला बोट सुटणार होती.

माझ्या बसमध्ये पहिल्या रांगेत कराडकडचे एक शिंदेकाका होते. वीटभट्टीवाले. सत्तरीचे, धिप्पाड, मुलाने हौसेने पाठवलेले. बाल्टिकच्या काठी दगड नाही, म्हणून इथली सगळी जुनी चर्चं विटांची आहेत, असं मी बसमध्ये सांगितलं आणि शिंदेकाका ताठ झाले.

"मॅडम, वीट भाजायची कशावर? लाकडावर का कशावर?"

"लाकडावरच असेल," मी म्हटलं.

"असंल म्हंजे? आन् माती? माती खाडीची का शेतातली? खाडीची आसंल तर मीठ येतंय वर."

मला ठाऊक नव्हतं. मला मनोऱ्याची उंची ठाऊक होती, बांधकाम सुरू झाल्याचं शतक ठाऊक होतं, बाँब पडून काय काय गेलं ते ठाऊक होतं. मी म्हटलं, "काका, प्रश्न शेवटी घेऊ," आणि पुढं बोलत राहिले.

विस्मारचा बाजारचौक फार मोठा आहे. दोन्ही गट एकाच वेळी तिथं उतरले आणि तिथून आम्ही मागेपुढे सेंट निकोलाई चर्चकडे गेलो. मी माझ्या लोकांना बाहेर उभं करून भिंतीची उंची सांगत होते. शिंदेकाका गट सोडून भिंतीपाशी गेले, विटेवर तळहात ठेवला, नखाने सांधा खरवडून बघितला. तिथं अश्विनीचा गट होता. तिने त्यांना बघितलं आणि विचारलं, "काका, काय बघताय?"

"भट्टी बघतोय, पोरी. ही वीट काळी झालीय बघ, ही आगीच्या जवळची. ही लाल, ही लांबची. आन् हिच्यावर कुत्र्याचा पाय उमटलाय बघ. वाळत घातली व्हती तवा कुत्रं गेलंय वरनं."

"थांबा थांबा," अश्विनी म्हणाली आणि तिने आपला नंबराचा फलक उंच केला. "सगळे इकडे या! आता मी गप्प बसणार. काका सांगणार."

आणि शिंदेकाकांनी वीस मिनिटं सांगितलं. माती कशी मळायची, वीट कशी रचायची, भट्टी किती दिवस धुमसत ठेवायची, पाऊस आला तर काय होतं. सहाशे वर्षांपूर्वीच्या कुत्र्याच्या पावलावर लोकांनी बोटं ठेवून फोटो काढले. माझे एकेचाळीसच्या एकेचाळीस तिकडे जाऊन उभे राहिले. शेवटी टाळ्या वाजल्या. मी रिकाम्या जागेत फलक धरून उभी होते. रस्त्यावरचा एक सायकलवाला मला घंटा वाजवून बाजूला व्हायला सांगून गेला.

मत्सर कसा असतो ते तेव्हा मला अंगात कळलं. कानशिलं तापली आणि तोंड कडू झालं. त्या क्षणी मला अश्विनीचं काहीतरी बिनसायला हवं होतं. काय ते ठरलेलं नव्हतं. काहीतरी.

चौकात परत आल्यावर शिंदेकाका माझ्याकडे आले. चांगला माणूस, अवघडून म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. म्होरं मी त्या बसमधी बसू का? त्या ताईंनी सांगितलंय, म्होरलं देऊळबी इटंचंच हाय म्हणून."

"बसा," मी म्हटलं.

मी यादीतून त्यांचं नाव खोडलं. माझे झाले चाळीस. अश्विनीला मेसेज करायला फोन काढला. तेवढ्यात समोर दिसलं की ती कारंज्याच्या घुमटीपाशी फोटोला उभी आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना माझी माणसं खांद्यावर हात टाकून उभी आहेत. मी फोन पर्समध्ये ठेवला. मनात म्हटलं, एवढी हुशार आहे, समजेल तिचं तिला.

पाऊण वाजता दोन्ही बस शेजारी शेजारी उभ्या होत्या. मी माझे चाळीस मोजले. पलीकडच्या दारातून अश्विनीने मान बाहेर काढली.

"मावशी, अडतीस! बरोबर भरले. निघूया?"

तिचे अडतीस आणि वर शिंदेकाका. एकोणचाळीस व्हायला हवे होते.

मला ते त्या क्षणी सुचलंच नाही, असं मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. सुचलं होतं. तिच्या बसच्या दुसऱ्या खिडकीत शिंदेकाका बसलेले मी बघत होते, त्यांनी मला हातही केला. मी मनाशी म्हटलं, काकांना सोडून मोजलं असेल तिनं. इतकी सोयीची समजूत माणसाला किती झटकन सापडते! विचारायला एक वाक्य लागलं असतं. माझ्या ड्रायव्हरने दार लावलं आणि मी त्याला म्हटलं, "गेनाऊ, बरोबर आहेत. चला."

बाड डोबेरानला पोचायला पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासात मी माइकवरून मठाची माहिती सांगितली. एकही शतक चुकलं नाही.

डोबेरानच्या हिरवळीवर सगळे उतरले. माझ्या बसमधल्या जोशीकाकू विमलताईंना शोधायला लागल्या. विमलताई म्हणजे सांगलीच्या एका शाळेतल्या निवृत्त शिवणाच्या शिक्षिका, एकट्या आलेल्या. बोटीवर दोघी एका खोलीत होत्या. घोरण्यावरून त्यांचं वाजलं होतं म्हणून दोघी वेगवेगळ्या बसमध्ये बसल्या होत्या. पण विमलताईंची दुपारची रक्तदाबाची गोळी जोशीकाकूंच्या पर्समध्ये होती आणि भांडण असलं तरी गोळी वेळेवर द्यायला त्या निघाल्या होत्या.

"विमल कुठाय?" त्यांनी अश्विनीला विचारलं.

अश्विनीने इकडे तिकडे बघितलं. हाका मारल्या. बसमध्ये चढून पुन्हा उतरली. ती धावत माझ्याकडे आली.

"मावशी, विमलताई नाहीत. मी मोजले होते. अडतीसच होते. देवाशप्पथ, अडतीस बरोबर भरले होते!"

तेव्हा मला सांगता आलं असतं. एवढंच सांगायचं होतं की त्यातले एक शिंदेकाका होते, आणि मी तुला बोलले नाही. बाजूला माणसं उभी होती, माझी आणि तिची. सगळी आमच्याकडे बघत होती. मी म्हणाले, "दोनदा मोजायला हवं होतंस."

मोठ्याने म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

तिने मान खाली घातली. "हो," म्हणाली.

मग मात्र मी हलले. आपण केलेलं आपल्याला ठाऊक असलं की माणूस भलता कामसू होतो. मी टॅक्सी बोलावली, अश्विनीला म्हटलं, दोन्ही बस तू सांभाळ, साडेतीनला थेट बोटीवर ने, मी विमलताईंना घेऊन परस्पर येते. विमलताईंकडे फोन नव्हता. गळ्यात एजन्सीच्या नंबराचं कार्ड होतं, पण कुणाचाच फोन आलेला नव्हता. म्हणजे त्या कार्ड दाखवण्याच्या स्थितीत नाहीत, असं माझ्या मनाने घेतलं. एकाहत्तर वर्षांची, रक्तदाबाची बाई, परक्या गावात, भाषा येत नाही. विस्मारच्या बंदराला कठडे नाहीत. पाणी रस्त्याला लागून आहे. टॅक्सीत पाऊण तास मी डोळ्यांपुढं ते पाणी बघत होते.

विस्मारला पोचले तेव्हा अडीच वाजले होते. चौकात नाहीत. बसथांब्यावर नाहीत. बंदरावर मासेवाल्या होड्यांपाशी विचारलं, नाहीत. साडी नेसलेली बाई त्या गावात दिसली असती तर कुणीही सांगितलं असतं. शेवटी मी पळत सेंट निकोलाईत शिरले.

आत डाव्या हाताला पोस्टकार्डं विकायचं टेबल आहे. तिथं गावातल्या म्हाताऱ्या बायका पाळीपाळीने बसतात. टेबलामागे एक जर्मन आजी आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर विमलताई. विमलताईंच्या हातात त्या आजींचं क्रोशाचं विणकाम होतं. अर्धी किनार उसवून त्या पुन्हा विणून दाखवत होत्या आणि मराठीत सांगत होत्या, "अगं, इथं दोन खांब सोडायचे, मग फूल बसतं." आजी "आ, जा, जा", म्हणजे हो, हो, म्हणत होत्या. टेबलावर चहाचे दोन कप होते.

मी खांबाला धरून उभी राहिले.

विमलताईंनी मला बघितलं, माझ्या मागं बघितलं आणि म्हणाल्या, "अश्विनी नाही आली?"

"नाही. मी आले."

"अगबाई. हिचं विणकाम बघत बसले आणि तुम्ही सगळे निघून गेलात. मला वाटलं ती येईल. तिनं सकाळी सांगितलं होतं, चुकलात तर जिथं आहात तिथंच बसा, मी येऊन नेईन. म्हणून मी हललेच नाही. फोन तरी कशाला करायचा? येणारच होती ना ती."

जर्मन आजींनी विमलताईंचे दोन्ही हात हातात घेतले, गालाला गाल लावला आणि आम्ही निघालो. टॅक्सीत गोळी दिली. ती जोशीकाकूंकडून मी मागून घेतली होती. वाटेत रस्त्याचं काम निघालं आणि गाड्यांची रांग लागली. मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. विमलताई निवांत होत्या. अश्विनीने सांगितलेली चर्चची गोष्ट त्यांनी मला सांगितली. गवंड्याच्या मुलीने रोज बापाची भाकरी घेऊन मनोऱ्यावर चढायचं आणि शेवटची वीट तिने बसवली, अशी काहीतरी.

माझ्याने राहवलं नाही. एवढं सगळं होऊनही राहवलं नाही. म्हटलं, "विमलताई, तसं काही झालेलं नाही. कुठल्याही कागदात नाही ते."

"ठाऊक आहे हो," त्या म्हणाल्या. "छत्तीस वर्षं पोरींना शिकवलंय. थाप कळते मला. पण ती आमच्या तोंडाकडे बघून सांगते. कोण दमलंय, कुणाला पाणी हवंय, तिला दिसतं. तुम्ही सकाळी चौकात फार चांगलं बोललात, पण सगळा वेळ त्या मनोऱ्याकडे बघत होतात."

मी पुन्हा घड्याळ बघितलं.

चार वाजून वीस मिनिटांनी आम्ही धक्क्यावर पोचलो. दोन्ही बस रिकाम्या उभ्या होत्या. सगळी माणसं बोटीवर गेली होती आणि अश्विनी जिन्यापाशी एकटी उभी होती. विमलताईंना बघून ती धावली, त्यांना मिठी मारली आणि रडायला लागली. विमलताई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "मी कुठं गेले होते? बसले होते तू सांगितलंस तिथंच." त्या वर चढेपर्यंत ती खाली उभी राहिली. मग माझे दोन्ही हात धरले. "मावशी, तुम्ही नसतात तर आज काय झालं असतं!"

मी ते आभार घेतले.

दुसऱ्या दिवशी फ्राऊ पेटरसननी माझं कौतुक केलं आणि मोसम संपेपर्यंत अश्विनीला काम द्यायचं नाही असं ठरवलं. माणूस विसरणारी गाइड ठेवता येत नाही, म्हणाल्या. मी "हो" म्हटलं. पुढच्या बोटीला दोन नंबरच्या बसवर इंग्रजी बोलणारा एक जर्मन गाइड आला. मला जे हवं होतं ते झालं होतं. धक्क्यावर उतरलेली पहिलीच बाई म्हणाली, "अश्विनी मॅडम नाहीत का?" तिसऱ्या माणसानेही तेच विचारलं. तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. मला राग आला. नसलेल्या माणसाचाही मत्सर करता येतो, हे मी त्या दिवशी शिकले.

तीन आठवडे गेले. ह्यांनी एका संध्याकाळी जेवताना विचारलं, "तुझं काय बिनसलंय? हल्ली अश्विनीच्या चुका सांगत नाहीस." मी सगळं सांगून टाकलं. ह्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "आमच्याकडे कुणाला पंखावर तडा दिसला आणि त्यानं तो लिहिला नाही, तर तडा पाडणाऱ्याला नाही, न लिहिणाऱ्याला काढतात."

सोमवारी रोश्टॉकला जाऊन मी फ्राऊ पेटरसनना सांगितलं. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्यांनी कपाटातून अपघाताच्या अहवालाचा कोरा कागद काढून माझ्यापुढं ठेवला. मी भरला. बस बदलली हे गाइडला माहीत होतं, दुसऱ्या गाइडला सांगितलं नाही, संख्या चूक आहे हे निघतानाच लक्षात आलं होतं. शेवटी 'कारण' असा रकाना होता. मी 'नाइड' लिहिलं, म्हणजे मत्सर.

फ्राऊ पेटरसननी चष्मा लावून वाचलं. "हे बघा, फ्राऊ वैद्य, असं कारण आमच्याकडे नसतं," म्हणाल्या. त्यांनी तो शब्द खोडला आणि वर नीट अक्षरात लिहिलं, 'दोन गाइडमध्ये निरोप पोचला नाही.' मला त्या मोसमापुरतं थांबवलं आणि अश्विनीला त्याच दुपारी फोन केला.

पण तिला खरं कारण मीच सांगायला हवं होतं. मी तिच्या घरी गेले. ती पोळ्या करत होती. तिची मुलगी टेबलाशी अभ्यास करत होती. अश्विनीने तिला मराठीत आत जायला सांगितलं, ती जर्मनमध्ये काहीतरी कुरकुरत गेली. मी उभ्याउभ्याच सांगितलं. वीटभट्टीपासून, टाळ्यांपासून. तिने गॅस बंद केला.

"मी अडतीस म्हणाले तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि डोबेरानला सगळ्यांसमोर म्हणालात, दोनदा मोजायला हवं होतंस."

"हो."

"मी तीन आठवडे झोपेत माणसं मोजतेय," ती म्हणाली. "मला वाटलं, मला हे काम जमतच नाही. नवऱ्याला म्हटलं, मी पुन्हा कंप्युटरपुढेच बसते. तेच बरं."

मी म्हटलं, "माफ कर."

तिने तव्यावरची करपलेली पोळी काढून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "चहा घेऊन जा, मॅडम."

चहा चांगला झाला होता. मी तो संपवला आणि निघाले.

पुढच्या वर्षापासून आम्ही पुन्हा बरोबर काम केलं, आणखी तीन मोसम. एकही माणूस मागं राहिला नाही. ती नाव घेऊन मोजायची, मीही तशीच मोजायला लागले. बस बदलणाऱ्याची चिठ्ठी ती स्वतः माझ्या हातात आणून द्यायची. कामाचं सगळं बोलायची, मॅडम म्हणून. माझ्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी करायची. तिने कधी कुणाजवळ माझ्याबद्दल वाईट शब्द काढला नाही, हे मला चार ठिकाणांहून कळलं. शतकांची गल्लत मात्र तिने सोडली नाही, आणि एव्हाना मला ते ऐकायला आवडायला लागलं होतं.

माझा शेवटचा मोसम संपला त्या दिवशी विस्मारला पाऊस होता. माझ्या गुडघ्यामुळे मी तिच्याच बसमध्ये होते, मदतनीस म्हणून. चौकात बस थांबली. अश्विनी खाली उतरून दाराशी उभी राहिली आणि एकेकाला हात देत राहिली. माझ्या पुढं साताऱ्याच्या कुणी एक बाई होत्या. सकाळी बोटीवरून उतरल्या तेव्हा तिने त्यांना पहिल्यांदा बघितलं होतं. त्यांचा हात धरून ती म्हणाली, "मावशी, सावकाश हं. पायरी ओली आहे."

त्या उतरल्या. ती त्यांच्यावर छत्री धरून चार पावलं पुढं गेली. मग मी दांडा धरून त्याच पायरीवरून खाली उतरले.